वाइनच्या बाटलीवरचा क्यूआर कोड तुमचा नंबर का मागत नाही?

इटलीत रोजच्या जेवणासोबत घेता येईल अशा रेड वाइनमधलं एक जुनं नाव म्हणजे सांता क्रिस्तीना. मुख्य द्राक्ष सांजोवेझे, सुरुवात १९४६ ची. ती बनवणारं फ्लॉरेन्सचं अँतिनोरी कुटुंब तर १३८५ पासून वाइनच्या धंद्यात आहे. पण सॉफ्टवेअरवाला म्हणून मला रस आहे तो अशा बाटल्यांवरच्या क्यूआर कोडमध्ये.

युरोपियन युनियनचा नियम असा: ८ डिसेंबर २०२३ पासून तयार होणाऱ्या वाइनमधले घटक आणि पोषणमूल्यं सांगणं बंधनकारक. छोट्या लेबलवर सगळं मावत नाही, म्हणून पूर्ण यादी क्यूआरमागे ठेवता येते. कॅलरी आणि सल्फाइटसारखे ॲलर्जीचे घटक मात्र बाटलीवर छापावेच लागतात.

खरी गोष्ट पुढे आहे. ज्या पेजवर ही यादी असते, तिथे युजरचा डेटा गोळा करायचा नाही, ट्रॅकिंग करायचं नाही आणि जाहिरातही करायची नाही. म्हणजे सहाशे वर्षांचा इतिहास असलेल्या घराण्यालासुद्धा तो तिथे मिरवता येत नाही!

आता आपला अनुभव आठवा. एका हॉटेलात मी मेन्यूचा क्यूआर स्कॅन केला, तर आधी मोबाईल नंबर आणि ओटीपी मागितला. मी सरळ छापील मेन्यू मागवला. असा क्यूआर म्हणजे शेवटी एक लिंक. नुसती यादी दाखवायला नंबर, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स यातलं काहीच लागत नाही. कुणी मागितलं, तर पेज बंद करा आणि छापील यादी मागा.