खांबाला दोन चिलखतं हवीत

आज पार्किंगच्या लोखंडी खांबांबद्दल बोलू.

मी राहतो विशाखापट्टणमला, समुद्राच्या वाऱ्यात. निवृत्तीनंतर सोसायटीचा सेक्रेटरी झालो आणि दोनमजली उघड्या पार्किंगच्या रंगकामाचं बिल सही करून मंजूर केलं. कंत्राटदाराने गंजावरच ऑइल पेंट फासला होता. वर्षभर खांब चकचकीत दिसले. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका खांबाच्या बुडाशी हातोडी मारली, तर रंगासकट गंजाचा पापुद्रा गळून पडला. चूक कंत्राटदाराची, पण सही माझी!

खांब गंजतो तो बहुधा बुडाशी. तिथे पाणी साचतं, टायरचा चिखल बसतो, खारी हवा चिकटते. म्हणून रंगाआधी ग्रिट ब्लास्टिंग करून गंज पूर्ण काढायचा आणि लगेच झिंक किंवा इपॉक्सी प्रायमर द्यायचा. नवं बांधकाम असेल तर गॅल्व्हनायझिंग उत्तम. त्यातलं जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं.

हे झालं पहिलं चिलखत. पण ते आगीत उपयोगाचं नाही.

लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सिअस लागतात, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ५५० ते ६०० अंशांनाच त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. पार्किंग उघडं असलं की धूर आणि उष्णता बाहेर जाते, आग एखाद-दोन गाड्यांपुरती राहते, असं पूर्वी धरून चालत. १० ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमधल्या ल्यूटन विमानतळावर एका डिझेल गाडीने पेट घेतला. स्प्रिंकलर नव्हते. १३०० हून अधिक गाड्या गेल्या आणि बहुमजली पार्किंगचा काही भाग कोसळला.

दुसरं चिलखत म्हणजे आगीत फुगणारा रंग, इंट्युमेसंट पेंट. तापला की तो फुगतो, त्याचा जाड कोळशासारखा थर होतो आणि लोखंड उशिरा तापतं. माणसं बाहेर काढायला तेवढी मिनिटं मिळतात. पातळ खांब लवकर तापतो, म्हणून त्याला जाड थर लागतो. किती जाड, हे अंदाजाने नव्हे, चाचणीच्या तक्त्यावरून ठरतं.

क्रम पक्का लक्षात ठेवा: सफाई, प्रायमर, फुगणारा रंग, शेवटी पावसापासून जपणारा टॉपकोट. चारही एकमेकांना चालणारे आहेत, असं उत्पादकाकडून लेखी घ्या. गॅल्व्हनाइज्ड खांबाला वेगळा प्रायमर लागतो. नंतर दिवाळीच्या रंगरंगोटीत त्यावर भलताच रंग चढवू नका. थर फुगायलाच अडथळा येतो.

आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावला, खांबांची बुडं दुरुस्त केली आणि पैसे दुसऱ्यांदा मोजले. आता प्रत्येक थराची जाडी मीटरने मोजल्याशिवाय मी बिलावर सही करत नाही.

तुम्हीही उद्या गाडी काढताना खांबाच्या बुडाकडे एकदा वाकून बघा. रंगाला फुगे दिसले, तर समितीला त्याच दिवशी कळवा.

जय हिंद.