धूमकेतूचें गणित आणि पावलाचें माप

सपाट रस्त्यावर झपझप चालणारा वाटसरू घाट लागतांच पावलें आखूड टाकूं लागतो. हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु मोठमोठ्या आकडेमोडींतही हेंच धोरण उपयोगी पडतें, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल.

सुमारें ७६ वर्षांनीं परत येणारा हॅलेचा धूमकेतु घ्या. सूर्याजवळ त्याचा वेग सेकंदास सुमारें ५४ किलोमीटर असतो. अतिदूर गेल्यावर तो एका किलोमीटरहूनही कमी होतो. शिवाय गुरु, शनि इत्यादि ग्रह त्यास सतत ओढीत असल्यामुळें त्याचा मार्ग एका सूत्रांत बसत नाहीं. काळाचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यांतील ओढ हिशेबांत घेत पुढें जावें लागतें. फ्रान्समध्यें क्लेरो, लालांद व मादाम लपोत या विदुषी यांनीं हें गणित कित्येक महिने खपून १७५८ सालीं सिद्धीस नेलें. धूमकेतु सूर्यानजीक येण्याची त्यांनीं वर्तविलेली वेळ सुमारें एका महिन्यानें चुकली. तरी त्या काळीं तो मोठाच विजय होता.

सर्व तुकडे लहान घ्यावे तर आयुष्य पुरणार नाहीं. सर्व मोठे घ्यावे तर सूर्याजवळ घोटाळा होईल. यावर उपाय असा: एक पूर्ण पाऊल टाकावें, व तोच काळ दोन अर्ध्या पावलांनीं पुन्हा चालून पाहावा. उत्तरांतील फरक ठरविलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर पाऊल निम्में करावें. अगदींच नगण्य असला, तर दुप्पट करावें. म्हणजे पावलाचें माप चालणारा ठरवीत नाहीं, वाट ठरविते. आजचे संगणक याच तत्त्वाच्या सुधारलेल्या रीती वापरतात.

ग्रीनिच वेधशाळेंतील कॉवेल व क्रॉमेलिन यांनीं १९१० च्या आगमनाचें गणित अशाच कमीअधिक पावलांनीं केलें. धूमकेतु २० एप्रिल रोजीं सूर्यानजीक आला. अंदाजाहून सुमारें तीन दिवस उशिरां! मात्र हा दोष बहुतांशीं आकडेमोडीचा नव्हता. सूर्याच्या उष्णतेनें धूमकेतूंतील बर्फाची वाफ होते व तिच्या झोतानें तो किंचित् ढकलला जातो, हें व्हिपल यांनीं १९५० सालीं मांडलें.

पाऊल निम्में केल्यानें हिशेबांतील चूक सांपडते. पण जें हिशेबांत धरलेंच नाहीं, तें कितीही बारीक पावलांनीं हातीं लागत नाहीं. यंत्राच्या उत्तरावर विसंबण्याच्या या दिवसांत हा भेद आमच्या तरुण वाचकांनीं मनांत पक्का ठेवावा, असें आम्हांस वाटतें.