इथेनॉलचा धूर आणि पीयूसीचा कागद

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, लोधिवलीच्या आसपास आपण दुचाकीत पेट्रोल भरतो, तेव्हा उसापासून किंवा धान्यापासून केलेलं इथेनॉलही टाकीत जातं. याचे प्रायोगिक प्रकल्प 2001 साली झाले, त्यातले दोन आपल्या महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. 2003 मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत 5 टक्के मिश्रण आलं. 2025 पर्यंत ते 20 टक्क्यांवर गेलं. मग सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर बदलला का?

बदलला. इथेनॉलच्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग प्राणवायूचा असतो. पेट्रोल अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. इंधनातच प्राणवायू असला, तर ज्वलन अधिक पूर्ण होतं. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार, 20 टक्के मिश्रणामुळे दुचाकींचा कार्बन मोनॉक्साइड सुमारे निम्मा होतो, मोटारींचा 30 टक्क्यांनी घटतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत मात्र ठाम असा फरक दिसला नाही.

आता दुसरी बाजू. इथेनॉल अर्धवट जळलं, की अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं. दारू प्यायल्यावर यकृतात होतं तेच हे द्रव्य, बरं का! ते डोळ्यांना, घशाला झोंबतं आणि उन्हात ओझोन तयार व्हायला हातभार लावतं. मिश्रणामुळे ते वाढतं, हेही त्याच अहवालात आहे. एकूण प्रमाण कमी असल्याचंही तिथे म्हटलं आहे. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ते बरंचसं नष्ट करतो, पण तो तापल्यावरच. थंड गाडी सुरू करून नाक्यापर्यंत जाऊन परत येणं, हा आपला रोजचा प्रवास. तेवढ्यात तो पुरता तापतही नाही.

कार्बन डायऑक्साइडचा हिशेब वेगळा. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून तेवढ्याच अंतराला इंधन थोडं जास्त लागतं. फायदा मोजायचा तो पिकाने हवेतून घेतलेल्या कार्बनचा. त्यातून खत, पंपाची वीज, डिस्टिलरीचा बॉयलर हे वजा करायला हवं. जाहिरातीत ही वजाबाकी सहसा दिसत नाही.

बोरघाट चढणाऱ्या ट्रकांचा काळा धूर डिझेलचा. पेट्रोलमधल्या इथेनॉलने तो कमी होत नाही. आणि आपल्या दुचाकीच्या पीयूसीच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन यांचे आकडे असतात. अ‍ॅसिटाल्डिहाइडसाठी त्यावर रकानाच नाही.