इटालियनमधील कोंजुन्तीवो आणि सर्वनामे : अनुवादाच्या अंगाने

इटालियन क्रियापदाच्या रूपातूनच कर्त्याचा पुरुष व वचन कळत असल्याने त्या भाषेत कर्तृवाचक सर्वनाम एरवी गाळले जाते. 'पार्लो' (मी बोलतो), 'पार्ली' (तू बोलतोस), 'पार्ला' (तो बोलतो) ही स्वार्थाची रूपे स्वयंपूर्ण आहेत. 'कोंजुन्तीवो' या अर्थात मात्र वर्तमानकाळी एकवचनात तिन्ही पुरुषांना 'पार्ली' हे एकच रूप येते. 'पेन्सानो के पार्ली बेने' या वाक्यात चांगले बोलणारा 'मी', 'तू' की 'तो', हे संदर्भावाचून ठरत नाही. म्हणून गाळलेले सर्वनाम येथे परत येते. 'मी बोलावे', 'त्याने बोलावे' या मराठी प्रयोगांतही क्रियारूप एकच राहून पुरुषाचा भार सर्वनामावर पडतो.

या साम्यामुळे विध्यर्थ हाच कोंजुन्तीवोचा सरसकट पर्याय मानण्याचा मोह होतो. 'क्रेदो के मारीआ सीआ आ कासा' याचा आशय 'मारीआ घरी असावी' या वाक्यात नेमका उतरतो. परंतु 'बेंके सीआ मालातो, लाव्होरा' या वाक्यातील आजार संशयित नसून निश्चित आहे. तेथे कोंजुन्तीवो येतो तो 'बेंके' या उभयान्वयी अव्ययामुळे. 'आजारी असला तरी तो काम करतो' हाच त्याचा अनुवाद होय. 'असावा' म्हटल्यास मूळ लेखकाने न घेतलेली शंका मराठी वाचकाच्या पदरी पडते.

आदरार्थी संबोधनात हे दोन्ही विषय एकत्र येतात. आदरार्थी 'लेई' हे व्याकरणदृष्ट्या तृतीयपुरुषी स्त्रीलिंगी एकवचन असल्याने त्याची आज्ञा कोंजुन्तीवोतून घडते. 'तू'साठीच्या 'दिम्मी'त 'मी' (मला) हे सर्वनाम क्रियापदाच्या शेवटी जोडले जाते. 'लेई'साठीच्या 'मी दीका'त ते क्रियापदापूर्वी स्वतंत्र उभे राहते. 'सांग' आणि 'आपण सांगावे' यांतील अंतर याच जातीचे आहे.

या सर्वनामाला राजकीय इतिहासही आहे. 1938 मध्ये फॅसिस्ट राजवटीने 'लेई'विरुद्ध मोहीम उघडून त्याजागी 'व्होई' रूढ करण्याचा आग्रह धरला. राजवटीच्या पतनानंतर 'लेई' पुन्हा सार्वत्रिक झाले. दक्षिण इटलीत मात्र 'व्होई'चा जुना प्रघात आजही आढळतो. त्यामुळे त्या काळावरील कादंबरीतील 'व्होई' हे हुकमाचे आहे की गावच्या रीतीचे, याचा निर्णय अनुवादकाला प्रत्येक संवादागणिक करावा लागतो. दोन्हींसाठी 'तुम्ही' एवढेच लिहिल्यास वाक्य शुद्ध राहते, पण पात्राचे सत्तेशी असलेले नाते पुसले जाते.