बुटीबोरीत अप्रेंटिसशिप शोधताय? एकट्या गुगलवर थांबू नका, अन् सापडलेली लिंक हरवू देऊ नका

आयटीआयची परीक्षा आटोपली की बुटीबोरी परिसरातल्या पोरा-पोरींसमोर पहिला प्रश्न येतो, एमआयडीसीत कुठे लागता येईल? आधी लोक कंपनीच्या गेटवर जायचे, नाहीतर ओळखीच्या ठेकेदाराला गाठायचे. आता मोबाईल काढून गुगलवर ‘बुटीबोरी एमआयडीसी जॉब’ टाकतात. स्क्रीन भरून ‘थेट भरती’, ‘आजच जॉइन व्हा’ असं येतं, खाली एक नंबर असतो. काही नंबरांवर फोन लावला की आधी नोंदणी फी मागतात, मग गणवेशाचे पैसे.

इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या. शिकाऊ उमेदवारांचा कायदा 1961 चा आहे, आणि त्यात कंपनीनेच उमेदवाराला दरमहा विद्यावेतन द्यायचं असतं. पैसा कंपनीकडून तुमच्याकडे येतो. तो उलट्या दिशेने मागितला जात असेल तर फोन ठेवून द्या.

पण मग खरी संधी का दिसत नाही? कारण आपण काय विचारतो आणि कुणाला विचारतो, यावर उत्तर ठरतं.

सर्च इंजिन आपण विचारल्यावर सगळं इंटरनेट फिरून येत नाही. त्याने आधीच कोट्यवधी पानं पाहून त्यांची सूची करून ठेवलेली असते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. त्या सूचीतून ते पानं काढून आपल्यासमोर मांडतं. सूची प्रत्येकाची वेगळी आणि क्रम लावायची रीतही वेगळी. गुगल 1998 पासून आहे, डकडकगो 2008 पासून, मायक्रोसॉफ्टचं बिंग 2009 पासून. आपल्याकडे बहुतेकांच्या फोनमध्ये गुगल आधीच बसवलेलं असतं, म्हणून बाकीच्यांकडे कुणी जात नाही.

जवळचं दुकान, रस्ता, कॉम्प्युटर सेंटर शोधायचं तर गुगलच बरं, त्याला नकाशाची जोड आहे. पण भरती, प्रवेश, शिष्यवृत्ती असं काही असेल तर तोच प्रश्न बिंगवरही टाकून पाहा. क्रम बदललेला दिसेल, एखादं वेगळं पानही हाती लागेल. डकडकगो तुम्ही काय शोधलं याची नोंद ठेवत नाही, त्यामुळे आधीच्या शोधांवरून निकाल बदलत नाहीत. मात्र एक गंमत आहे: डकडकगो आणि याहू आपल्या बहुतेक लिंक बिंगकडूनच घेतात. म्हणून ‘तीन ठिकाणी तेच दिसलं, म्हणजे खरंच असणार’ असं धरून चालू नका. एकाच माणसाने सोडलेली बातमी गावात तिघांच्या तोंडून ऐकावी, तसला हा प्रकार आहे.

सर्वात वरच्या ओळी तर नीट पाहाच. तिथे ‘प्रायोजित’ लिहिलेलं असेल तर ती जागा पैसे भरून घेतलेली आहे. हल्ली वर एआयने तयार केलेलं उत्तरही येतं. वाचायला सोपं असतं, पण शेवटची तारीख त्याच्या भरवशावर ठरवू नका, मूळ पान उघडा.

शब्दांचाही फरक पडतो. आपण बोलताना ‘अप्रेंटिस’ म्हणतो, सरकारी मराठीत ‘शिकाऊ उमेदवार’ लिहितात. दोन्ही टाकून पाहा. गावाचं नावही कुणी बुटीबोरी लिहितं, कुणी बुट्टीबोरी, तर कुणी दोन शब्द तोडून. इंग्रजी अक्षरांतही तीच तऱ्हा. आणखी एक उपयोगी युक्ती: इंग्रजीत ‘साइट’ हा शब्द, त्याला चिकटून दोन टिंबांचा विसर्गासारखा कोलन, त्याला चिकटून जीओव्ही डॉट इन, मग जागा सोडून तुमचा प्रश्न. असं केलं की फक्त सरकारी संकेतस्थळांवरची पानं येतात. गुगल, बिंग, डकडकगो तिन्हीकडे हे चालतं.

आयटीआयवाल्यांसाठी केंद्र सरकारचं पोर्टल ‘अप्रेंटिसशिपइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे. डिप्लोमा आणि पदवीवाल्यांसाठी ‘नॅट्स’चं पोर्टल वेगळं आहे. पत्ता तपासताना नावात कुठेतरी ‘जीओव्ही’ दिसलं एवढ्यावर भुलू नका. जीओव्ही डॉट इन हे पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधी यायला हवं.

खरं पान एकदा सापडलं की ते पुन्हा शोधायची पाळी येऊ देऊ नका. दर वेळी नव्याने शोधलं की दर वेळी नकली पानावर जायचा धोका. क्रोममध्ये तीन टिंबांवर दाबून चांदणी दाबा, पान जतन होतं. फोनमध्ये गुगल खातं सुरू असून सिंक चालू असेल तर फोन बदलला तरी ते राहतं.

बहुतेक पोरं लिंक व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात आणि दोन दिवसांत ती गुड मॉर्निंगखाली गडप होते. पिन केलेला मेसेजही जास्तीत जास्त 30 दिवस टिकतो. त्यापेक्षा ग्रुपच्या माहितीत, म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये, लिंक लिहून ठेवा.

यापुढची पायरी म्हणजे सोशल बुकमार्किंग. आपण जतन केलेल्या लिंक सगळ्यांना दिसतील अशा ठेवायच्या आणि प्रत्येकीला खुणेचे शब्द, म्हणजे टॅग लावायचे. फोल्डरमध्ये लिंक एकाच जागी राहते. टॅग मात्र एकाच लिंकला ‘फिटर’, ‘नागपूर’, ‘विद्यावेतन’ असे कितीही लागतात. 2003 मध्ये डिलिशस नावाच्या संकेतस्थळाने ही रीत लोकप्रिय केली. 2005 मध्ये ते याहूने विकत घेतलं, पुढे हात बदलत गेलं आणि 2017 मध्ये पिनबोर्डने घेऊन नव्या नोंदी बंद केल्या. जुलै 2025 मध्ये पॉकेट ही सेवाही बंद झाली. आज रेनड्रॉप मोफत वापरता येतं, त्यात मित्रांबरोबर सामाईक संग्रह करता येतो. पण ते वापरणार असाल तर मधूनमधून संग्रहाची प्रत एक्स्पोर्ट करून स्वतःकडे ठेवा.

अॅपची कटकट नको असेल तर एकाच ट्रेडच्या पाच-सहा जणांनी मिळून एक गुगल शीट करा. लिंक, कशाबद्दल आहे, शेवटची तारीख, कुणी उघडून पाहिली आणि कधी, एवढे रकाने पुरेत. ‘कुणी पाहिली’ हा रकाना रिकामा असेल ती लिंक पुढे पाठवायची नाही, असं ठरवून टाका. फसवणुकीची लिंक किंवा नंबर असेल तर तोही तिथेच लाल रंगात लिहा, म्हणजे दुसरा वाचेल. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 वर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा पुढच्या खात्यांत सरकत जातो.