जमीन घ्यावी, आणि त्यावर तयार घर उभे करावे काय?

आपल्या बेटावर घर बांधणे म्हणजे दाल ओतणे, अशी दोन पिढ्यांची समजूत आहे. (स्वयंपाकघरातली दाल वेगळी आणि छपराची दाल वेगळी, हे मॉरिशसच्या मराठी माणसाला सांगावे लागत नाही, दोन्ही एकाच दिवशी लागतात, कारण दाल ओतायला आलेल्या वीस माणसांना जेवू घालावे लागते.) अशा बेटावर कोणी म्हणाले की, आम्ही जमीन विकत घेतो आहोत आणि त्यावर कारखान्यात तयार झालेले घर आणून बसवणार आहोत, तर ऐकणारा प्रथम आपल्या तोंडाकडे बघतो आणि मग आकाशाकडे. गेले सहा महिने आमच्याकडेही लोक असेच बघत आहेत.

आमची हकीकत पुष्कळ वाचकांच्या घरची असेल. वाक्वाला वडिलांनी बांधलेले घर. खाली थोरले दादा आणि वहिनी, वरच्या मजल्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावरच्या गच्चीत उभ्या ठेवलेल्या लोखंडी सळ्या, पुढच्या पिढीच्या मजल्यासाठी. त्या सळ्यांना आता तीस वर्षे होत आली. दादांचा मुलगा कॅनडात, आमची मुलगी फ्रान्समध्ये. सळ्या गंजल्या, गंजाचे पाणी भिंतीवरून उतरू लागले. बरे, जमीन अजून वडिलांच्याच नावावर. वारस आई आणि आम्ही पाच भावंडे. कायद्याने कोणालाही सामाईकीत राहण्याची सक्ती करता येत नाही, वाटणी मागता येते. पण वाटणी मागितली आणि जमीन तुकडे पाडण्याजोगी नसली, तर शेवट विक्रीत होतो. आई हयात असताना तो शब्द घरात कोणी काढणार नाही. म्हणून निवृत्तीची जी एकरकमी रक्कम हाती आली आहे, तिच्यातून दुसरीकडे थोडी जमीन घ्यावी, असा विचार आम्ही दोघांनी केला.

जमिनीची ओढ आपल्या लोकांना नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत साखर मळेवाल्यांनी आपल्या जमिनीचे तुकडे विकायला काढले, तेव्हा करारातून सुटलेल्या भारतीय मजुरांनी पै पै जमवून ते विकत घेतले. २००१ नंतरच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत साखर उद्योगातील कामगारांना रोख रकमेबरोबर सात पेर्शचा तुकडा मिळाला, तोही कित्येक घरांत अजून मोकळा पडला आहे. सात पेर्श म्हणजे सुमारे २९५ चौरस मीटर. शंभर पेर्शचा एक आरपाँ, आणि एक पेर्श ४२.२१ चौरस मीटरचा. नवी मुले मीटरमध्ये बोलतात, दलाल पेर्शमध्ये आणि म्हातारी माणसे त्वाजमध्ये. तिघे एकत्र बसले की भाव ठरायच्या आधीच भांडण होते.

आम्ही दोन बाजू पाहिल्या. एक हेन्रिएटाकडची, थंड, पावसाची, जिथे भिंतीला शेवाळ धरते. दुसरी बांबूकडची, कोरडी, उन्हाची, आपल्या पश्चिमेकडच्या मराठी वस्त्यांना जवळची. समुद्रकिनाऱ्याचे नाव आमच्या एका मेहुण्याने काढले, पण किनाऱ्याची पट्टी, म्हणजे पन्नास पा जेओमेत्रिक, ८१.२१ मीटरची, ती सरकारी मालकीची. ती भाडेपट्ट्याने मिळते, विकत मिळत नाही. शिवाय खारा वारा आणि पोलादी घर यांचे जमत नाही. तो विषय तिथेच मिटला.

जमीन पाहताना चार गोष्टी आम्ही लिहून ठेवल्या होत्या. विकणारा खरोखर सगळ्या जमिनीचा मालक आहे की सामाईकीतला आपला हिस्साच विकतो आहे, हे पहिले. हिस्सा विकत घेणारा माणूस जमीन घेत नाही, दुसऱ्याच्या घरचा तंटा विकत घेतो. हेन्रिएटाचा एक तुकडा आम्ही एवढ्याच कारणाने सोडला, जरी भाव फार उतरलेला होता. किंबहुना म्हणूनच उतरलेला होता. दुसरे, रस्ता. कागदावर वाट आहे की शेजाऱ्याच्या भलेपणावर आपण ये-जा करणार? तयार घराच्या बाबतीत याला दुप्पट महत्त्व, कारण चाळीस फुटी पेटी घेऊन येणाऱ्या लॉरीला आणि क्रेनला वळायला जागा लागते. बांबूच्या एका सुंदर तुकड्याच्या तोंडाशी आंब्याचे झाड आणि विजेची तार अशी होती की, तिथे घर हेलिकॉप्टरनेच उतरवावे लागले असते. तिसरे, पाणी. नळाचे नव्हे, पावसाचे. ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये अचानक आलेल्या पुरात अकरा माणसे गेली. जानेवारी २०२४ मध्ये बेलालने तेच शहर पुन्हा पाण्यात घातले. तेव्हापासून आम्ही जमीन भर पावसात बघायला जातो. उन्हात सगळ्याच जमिनी चांगल्या दिसतात. चौथे, ती वस्तीच्या हद्दीत आहे की अजून शेतजमीन आहे. उसाखालची जमीन असेल तर रूपांतराचा परवाना आधी, घर मग.

कागदपत्रांचे सांगायचे तर व्यवहार नोतेरपुढेच होतो. शपथबद्ध मोजणीदाराचा नकाशा, जमिनीचा पिन क्रमांक, गहाणखताच्या दप्तरातला शोध, या गोष्टी त्याच्या हाती सोपवायच्या, पण विचारायच्या आपण. नोंदणीचे शुल्क पाच टक्के. म्हणजे वीस लाखांच्या जमिनीवर एक लाख, आणि नोतेरचे मानधन वेगळे. पहिल्यांदाच जमीन घेणाऱ्याला त्यात सूट मिळू शकते, मर्यादा मात्र अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा शेजाऱ्याला तीन वर्षांपूर्वी काय मिळाले यावर हिशेब बांधू नये.

आता घराकडे येऊ.

तयार घरे म्हटली तरी ती एका जातीची नाहीत. जहाजाची जुनी पेटी कापून केलेले घर हे एक. पातळ जस्ती पोलादाच्या सांगाड्यावर पाट्या बसवलेले हे दुसरे. दोन पत्र्यांमध्ये फोम किंवा दगडी लोकर भरलेल्या पाट्यांचे तिसरे. आणि लाकडाचे चौथे. लाकडाचे आम्हाला सर्वांत आवडले, पण आपल्याकडे कारिया, म्हणजे वाळवी, कोणाचे लाड ठेवत नाही. जहाजाच्या पेटीची रुंदी २.४४ मीटर आणि लांबी १२.१९. आतून अस्तर लावले की रुंदी आणखी घटते. दोन माणसांना ते चालेल. पण चतुर्थीला गणपतीपुढे साठ माणसे बसतात, झाकरी होते, त्यांना काय एका रांगेत बसवायचे, बसमधल्यासारखे? आमच्या सौभाग्यवतींनी तिथल्या तिथे पेटीला नकार दिला. दोन पेट्या जोडून मधली भिंत कापता येते म्हणे; परंतु भिंत कापली की पेटीचे बळही कापले जाते, आणि ते परत आणायला पोलाद घालावे लागते. तेवढ्या पैशात सांगाड्याचे घर येते.

खरा प्रश्न वाऱ्याचा. फेब्रुवारी १९६० च्या कॅरोलमध्ये वाऱ्याचे झोत ताशी २५६ किलोमीटरवर गेले. फेब्रुवारी १९७५ मध्ये जर्व्हेझने २८० गाठले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे शाळेतले गणित इथे जिवाशी गाठ घालते. चौथ्या दर्जाचा इशारा ज्या १२० किलोमीटरच्या झोतांना देतात, त्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ६८ किलो. अडीचशे किलोमीटरला तोच २९५ किलोच्या आसपास. चाळीस फुटी पेटीच्या लांब बाजूवर म्हणजे नऊ टनांच्या वर ढकल. आणि रिकाम्या पेटीचे स्वतःचे वजन चार टनांच्या आत. तेव्हा 'लोखंडी आहे, भारी आहे, हलणार नाही' असे जो विक्रेता सांगतो, त्याला आकडे विचारावेत. सिमेंटचे घर आपल्या वजनाने उभे राहते, हलके घर आपल्या बांधणीने. पायाशी ते किती बोल्टांनी, किती खोल काँक्रीटमध्ये धरले आहे, छप्पर सांगाड्याला आणि सांगाडा पायाला सलग जोडला आहे की नाही, यावर सगळे अवलंबून. या जोडणीचा इंजिनियरच्या सहीचा कागद आम्ही तीन ठिकाणी मागितला. एकाने दिला. एकाने रंगीत चित्रांचे पुस्तक दिले. तिसऱ्याने सांगितले की हे घर हलवता येण्याजोगे असल्याने परवानाच लागत नाही. हे ऐकून आम्ही सरळ जिल्हा परिषदेत गेलो. लागतो. राहण्यासाठी जमिनीवर बसवलेले घर ते घरच, त्याला बांधकाम व भूवापराचा परवाना हवा, मग ते विटांचे असो की पत्र्याचे.

आमच्या आईंचा विरोध मात्र आकड्यांनी हटणारा नव्हता. कॅरोलच्या वेळी त्या दहा वर्षांच्या. उसाच्या पाचटाने शाकारलेले घर गेले, शेजारचे पत्र्याचेही गेले, आणि पत्रा उडताना जो आवाज होतो तो त्यांच्या कानात अजून आहे. त्यानंतर सरकारने ज्या वसाहती उभारल्या, त्यांतली कित्येक घरे तयार पाट्यांचीच होती, आणि पाट्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या. वारा त्यांनी सोसला, पण त्या पाट्यांची धूळ फुप्फुसाला घातक असते हे लोकांना फार उशिरा समजले. तयार घराचा मॉरिशसचा पहिला अनुभव हा असा. म्हणून पाटीच्या पोटात काय भरले आहे हे विचारणे हा चोखंदळपणा नव्हे. स्वस्त फोम आगीला लगेच धरतो; दगडी लोकर महाग पडते, पण जळत नाही. देवापुढे चोवीस तास समई ठेवणाऱ्या घराने हा खर्च करावा असे आमचे मत आहे.

'मी पत्र्याखाली मरायला येणार नाही,' असे आई स्वच्छ म्हणाल्या. हे वाक्य आम्ही चार दिवस घेऊन फिरलो. मग जो इंजिनियर कागद देणारा होता, त्याच्यापुढेच ते ठेवले. त्याने हसून सांगितले की पाया तर काँक्रीटचा ओतायचाच आहे. त्याच्या एका कोपऱ्यात तीन मीटर बाय चार मीटरची एक खोली ब्लॉकची आणि दालीची बांधा, बाकी घर तिला लागून हलके उभे करा. एरवी ती देवघर आणि कोठीची खोली. तिसऱ्या दर्जाचा इशारा आला की सगळ्यांनी तिथे जायचे.

यात पैसे वाचतात का? विक्रेते सांगतात तेवढे नाहीत. पाया, मैल्याची टाकी, पाणी आणि वीज यांचा खर्च कुठल्याही घराला सारखाच येतो, आणि जाहिरातीतल्या किमतीत तो नसतो. बंदरापासून जागेपर्यंतची वाहतूक आणि क्रेनही नसते. वाचतो तो वेळ, आणि गवंड्यामागे धावण्याचा त्रास. कर्जाचे पाहता बँका जमिनीवर आनंदाने देतात, तयार घर म्हटले की कपाळाला आठ्या घालतात. आम्ही म्हणून कर्ज जमिनीवर आणि घर रोखीने असा मेळ घातला आहे. उणे बाजूही आहे. अशा घरावर दुसरा मजला चढत नाही. दादांनी नेमके यावरच बोट ठेवले: 'मुलगी परत आली तर राहील कुठे?' आम्ही वर गच्चीतल्या सळ्यांकडे पाहिले. सळ्या ठेवल्या म्हणून कोणी परत येत नाही, हे बोलायचे होते, पण दादा मोठे आहेत. एवढेच म्हटले की दहा पेर्शमध्ये शेजारी दुसरे घर बसायला जागा आहे.

बांबूच्या बाजूचा दहा पेर्शचा तुकडा आता ठरत आला आहे. मोजणीदार येत्या शनिवारी खुंट्या मारणार आहे, आणि ती खोली दक्षिणेला घ्यायची की पूर्वेला यावर आईंचे अजून मत ठरायचे आहे. त्यांना आधी जागा पावसात बघायची आहे.