यादीत नाव नाही, म्हणून प्रोसेसर जुना ठरत नाही

टेराफॉर्म या, फाइलमध्ये लिहिल्याप्रमाणे यंत्रणा उभी करणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअलायझेशन प्रणालीवरच्या मशीनसाठी ‘एक्स८६-६४-व्ही३’ हा प्रोसेसर लिहिला आणि ‘हा प्रकार मान्य नाही’ असा एरर आला, की संशय आधी सर्व्हरवर जातो. नवा सर्व्हर घ्यावा का, इथपर्यंत गोष्ट पोचते. प्रत्यक्षात त्या वेळी सर्व्हरला कुणी काही विचारलेलेच नसते. टेराफॉर्म आणि प्रॉक्समॉक्स यांच्यामध्ये प्रोव्हायडर नावाचा प्लगइन असतो. टायपिंगमधली चूक लवकर पकडता यावी म्हणून त्यात मान्य प्रकारांची यादी असू शकते, आणि फाइलमधले नाव आधी तिच्याशी ताडून पाहिले जाते. प्रॉक्समॉक्सच्या आठव्या आवृत्तीने जून २०२३ मध्ये एक्स८६-६४ चे व्ही२, व्ही३, व्ही४ हे प्रकार आणले. ज्या प्रोव्हायडरची यादी त्याआधीची, तिथे बिनचूक नावही अडणारच. खात्री करायला तोच प्रकार प्रॉक्समॉक्सच्या वेब पॅनेलमधून निवडून पाहा. मशीन सुरू झाले, तर दोष यादीचा.

‘मग केव्हीएम६४ टाका, काय फरक पडतो?’ हा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. केव्हीएम६४ म्हणजे साधारण पेंटियम ४ च्या वळणाचा प्रोसेसर. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ ला किमान व्ही२ लागतो, १० ला व्ही३. त्यामुळे खालचा सर्व्हर कितीही ताकदवान असला तरी केव्हीएम६४ वर ९ वी आवृत्ती बूट होतानाच थांबते. शिवाय एन्क्रिप्शनचा वेग वाढवणाऱ्या एईएस सूचना व्हर्च्युअल मशीनला दिसतच नाहीत.

उलट बाजूचा गैरसमजही आहे: यादीत नाव घातले की क्षमता आली. तसे होत नाही. व्ही३ साठी खऱ्या चिपमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच हवा. इंटेलमध्ये तो २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून आला. व्ही४ ला एव्हीएक्स-५१२ लागते. ते नसेल, तर प्रोव्हायडरने नाव स्वीकारूनही मशीन सुरू होणार नाही.

सर्व्हरचा खरा प्रोसेसर जसाच्या तसा मशीनला देणारा ‘होस्ट’ हा प्रकार वेगवान खरा, पण क्लस्टरमध्ये वेगवेगळ्या पिढ्यांचे सर्व्हर असतील तर चालू मशीन एकावरून दुसऱ्यावर हलवताना तोच अडचणीत आणतो.

टेराफॉर्मची ‘अप्लाय’ आज्ञा यशस्वी झाली म्हणजे चालू मशीनचा प्रोसेसर बदलला, असेही समजू नये. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे लागते. आतून दिलेला रीबूट पुरत नाही.

प्रॉक्समॉक्सचे प्रचलित प्रोव्हायडर मुक्त स्रोत आहेत, गो भाषेत लिहिलेले. यादीत नाव घालणे बहुधा एका ओळीचे काम असते, पण त्यासोबत चाचणी आणि दस्तऐवजही सुधारा. स्वतः कोड लिहिणार नसाल, तर प्रोव्हायडर आणि प्रॉक्समॉक्स या दोन्हींच्या आवृत्त्या आणि एररचा पूर्ण मजकूर प्रकल्पाकडे जरूर पाठवा.